चोरताई

कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत संगणकाच्या खोलीत पोचायचं, ही तिची जुनी शिस्त. आल्याबरोबर ती आधी खिडकी उघडी, कारण रात्रभर कोंडलेल्या खोलीला भिजलेल्या कागदाचा आंबूस वास सुटलेला असे. मग पर्स खुंटीला अडकवून फडकं घेई : टेबल, स्क्रीन, प्रिंटरचं झाकण, याच क्रमाने. कारखाना पुठ्ठ्याचा होता. ठिकठिकाणची रद्दी ट्रकांनी यायची, वजनकाट्यावर तोलली जायची, हौदात भिजायची, दळली जायची आणि पलीकडच्या दाराने पुठ्ठा होऊन बाहेर पडायची. या उलाढालीत उडणारी बारीक धूळ बंद दारातूनही आत शिरे आणि की-बोर्डच्या फटींत जाऊन बसे. ती दाढीच्या ब्रशने एकेक फट झाडून काढी. ब्रश वडिलांचा होता. ते गेल्यावर घरात त्याला दुसरं काम उरलं नव्हतं.

तोवर दाराशी माणसं जमू लागत.

"काय चोरताई, उघडलं का दुकान?" म्हणत त्या सकाळी पहिला आला तो कंपनीच्या ट्रकचा ड्रायव्हर. "पासवर्ड गेला परत."

"लग्नाची तारीख ठेवली होती ना तुम्ही? ठेवू नका म्हणून सांगितलं होतं."

"म्हणून तर ठेवली. मलाच आठवत नाही, तर चोराला काय आठवणार? घरी त्याच्यावरून बोलणी खातोय ती वेगळीच."

चोरताई हे नाव कारखान्याने तिला लाडाने दिलं होतं. दर महिन्याला एकदा ती सगळ्यांना खोटी मेल पाठवी : बक्षीस लागल्याची, पार्सल अडकल्याची, बँकेचं खातं बंद पडणार असल्याची. जो त्यातल्या लिंकवर बोट ठेवी, त्याच्यासमोर मोठी लाल अक्षरं उमटत : तुम्ही फसलात. हा सराव होता. काही वर्षांपूर्वी हिशेबखात्याचे प्रमुख अशा खऱ्या मेलला फसले होते. रद्दी पुरवणाऱ्या जुन्या व्यापाऱ्याच्या नावाने निरोप आला, आमचं बँकखातं बदललं आहे, यापुढे रक्कम इथे भरा; त्यांनी फोन करून खात्री न करता भरली. त्या वर्षी कोणालाच बोनस मिळाला नाही, आणि प्रमुखांनी घराबाहेर पडणं सोडलं. सराव तेव्हापासून सुरू झाला. या कामाचा तिला अभिमान होता, आणि तो अनाठायी नव्हता. लोक आता थांबत, शंका घेत, तिच्याकडे येऊन विचारत.

सगळ्यांत जास्त विचारत ते काटेवाले काका. आलेली प्रत्येक मेल ते काट्याच्या पावतीच्या अरुंद रिळावर छापून आणत, त्यामुळे साधा दोन परिच्छेदांचा मजकूरसुद्धा हातभर लांब होई. ती पट्टी टेबलावर सरळ करत ते विचारत, "ताई, हे उघडू का?"

"काका, ही आपल्याच ऑफिसची मेल आहे. उद्या पाणी येणार नाही, एवढंच लिहिलंय."

"ते वाचलं मी. पण खरंच येणार नाही ना?"

"उघडू काका, पाणी आलं तर तेही विचारून प्या," ड्रायव्हर म्हणाला. दाराशी हशा पिकला. काकाही हसले, पट्टीची नीट गुंडाळी करून त्यांनी खिशात घातली, आणि काट्याकडे गेले. कारखान्यात बहुतेक जण एकदा तरी फसले होते. उघडू काका कधीच फसले नव्हते.

त्याच दुपारी मॅनेजरसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, या महिन्यात एकही जण सापडला नाही."

"चांगलंच आहे ना, साहेब."

"तुम्हाला चांगलं. वरच्यांना नाही. ते विचारतात, कोणी फसतच नसेल तर फसवायला पगारी माणूस कशाला?" साहेब मृदू बोलत, आवाज चढवलेला त्यांना कोणी ऐकला नव्हता. "तुमचे गळ बोथट झालेत. खरा चोर सगळ्यांना एकच पत्र टाकतो का? तो चौकशी करतो. कोणाचं कुठे दुखतं ते बघतो आणि नेमकं तिथेच बोट ठेवतो. तुम्हाला तर चौकशीचीही गरज नाही. लोक सकाळी आपल्या पायांनी येऊन सांगतात."

"ते मला विश्वासाने सांगतात, साहेब."

"विश्वास ठेवू नये, हेच तर आपण शिकवतो." साहेब हसले. "कंत्राट संपतंय तुमचं महिनाअखेर. धमकी देत नाहीये हं. आठवण करून देतोय."

घरात आई होती, आईची औषधं होती आणि एकटीचा पगार होता. ती खोलीत परतली आणि लिहायला बसली.

काम अवघड जाईल असं तिला वाटलं होतं. ते सोपं गेलं, याची तिला पुढे कित्येक दिवस शरम वाटत राहिली. ड्रायव्हरने सरकारी घरासाठी अर्ज केला होता, म्हणून त्याला घर लागल्याचं पत्र. माल पाठवणाऱ्या विभागातल्या मुलीला परीक्षेचा निकाल. रखवालदाराची सायकल चोरीला गेली होती, त्याला ती सापडल्याचा निरोप. एकेकाचं नाव वाचताच त्याचं दुखणं आपोआप बोटांखाली येत होतं, आणि तिला त्याची हळूहळू झिंग चढत गेली. काटेवाल्या काकांचं नाव तिने शेवटासाठी ठेवलं.

त्यांची कथा तिला ठाऊक होती. काट्याचा संगणक बिघडला की दुरुस्ती होईपर्यंत काका बाजूच्या स्टुलावर बसून बोलत. आई नसलेली त्यांची मुलगी लहानपणापासून घरातली मोठी बाई असल्यासारखी वागे. वडिलांना ती अप्पू म्हणे, अरे-तुरे करी, आणि नोकरीला लागल्यावर रोज दुपारी फोन करून एकच विचारी, "अप्पू, जेवलास का?" मग तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं. काकांनी चार माणसांत तिला सांगितलं, तू मला मेलीस. ती गेली. महिन्याभराने काकांनी फोन लावला तर तो नंबर अस्तित्वात नव्हता. मेल पाठवली ती परत आली, पत्ता सापडत नाही म्हणून. "आपण बोललो ते तिने खरं करून दाखवलं," असं काका म्हणाले होते, आणि वर म्हणाले होते, "झाला का हो संगणक?"

तिने दोनच वाक्यं लिहिली. अप्पू, जेवलास का? खाली फोटो आहे, बघ.

मग ती उठली, पाणी प्याली, परत बसली. पुसायला हवं, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच असंही आलं, की काका विचारायला येतीलच. ते प्रत्येक गोष्ट विचारायला येतात. या समजुतीच्या आधाराने तिने बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत.

त्याऐवजी तिच्या स्क्रीनवर त्यांच्या नावापुढे लिंक उघडल्याची खूण उमटली. थोड्या वेळाने आणखी एक. मग आणखी. लाल अक्षरं वाचूनही हा माणूस परत मागे जात होता आणि परत तेच उघडत होता. जणू अक्षरांच्या मागे फोटो असेल, यंत्राला वेळ लागत असेल, आपलंच बोट चुकत असेल. खुणा दुपारपर्यंत येत राहिल्या. ती काट्याकडे गेली नाही. जेवणाच्या सुट्टीत तिच्या बनावट पत्त्यावर उत्तर येऊन पडलं. त्यात एवढंच होतं : जेवलो. तू जेवलीस का?

शनिवारी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना गोळा करण्यात आलं. भिंतीवर एकेक गळ मोठा करून दाखवत साहेब बोलत होते, आणि ते चांगलं बोलत. घराच्या पत्रावर लोक हसले, सायकलवर जास्त हसले. रखवालदाराने उठून सगळ्यांना नमस्कारही केला. मग काकांचं पत्र भिंतीवर आलं.

"आणि हे आमचे सगळ्यांत सावध गृहस्थ," साहेब म्हणाले. "पाण्याची सूचनासुद्धा विचारून उघडणारे. यांनी हे एकदा नाही उघडलं. दिवसभर उघडलं. साप चावला म्हणून माणूस हात मागे घेतो. यांनी बिळात घालून ठेवला. काय लिहिलंय एवढं? 'अप्पू, जेवलात का?' बस्स. एवढ्यावर?"

कोणीतरी हसलं, आणि एकटंच पडलं. काका मागच्या बाकावरून उभे राहिले. त्यांचा आवाज पावती वाचून दाखवावी तसा सपाट होता.

"जेवलास, साहेब. जेवलात असं नाही म्हणायची ती."

साहेबांनी भिंतीकडे वळून पाहिलं. "बरोबर. जेवलास. वाचण्यात चूक झाली." आणि ते पुढच्या पत्राकडे वळले. पण पुढचं पत्र कोणीच वाचत नव्हतं. सगळा कारखाना मान वळवून तिच्याकडे बघत होता. त्या बघण्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. काय काय सांगून बसलो आहोत आपण हिला, याचा प्रत्येक जण मनाशी हिशेब मांडत होता.

नियम वरून आलेला होता. पहिल्यांदा फसणाऱ्याचं नाव फलकावर. काट्यासारखं जोखमीचं काम असेल तर महिनाभर तिथून बदली. आणि त्याच तिमाहीत दुसऱ्यांदा सापडला तर नोकरीतून छुट्टी. काकांना मागच्या अंगणात रद्दीचे गठ्ठे मोजून घ्यायला पाठवलं. तिचं कंत्राट वर्षभरासाठी वाढलं. साहेबांनी दारापर्यंत येऊन हस्तांदोलन केलं. घरी आई म्हणाली, "हुशारच आहे माझी मुलगी," आणि शेजारणीलाही तसं सांगून आली.

सकाळची रांग संपली. भोंगा होई, माणसं तिच्या दारावरून मान खाली घालून जात. ती खिडकी उघडी, फडकं फिरवी, ब्रशने फटी झाडी, आणि झाडायला वेळच वेळ असे. पासवर्ड विसरलेली माणसं आता परस्पर एकमेकांचा पासवर्ड वापरू लागली होती, हे तिला दिसत होतं. विचारायला मात्र कोणी येत नव्हतं.

मग एक दिवस ड्रायव्हर आला. तो दारातच उभा राहिला.

"ताई, परवा बँकेची म्हणून मेल आली. मी उघडली. मागितलं ते सगळं भरलं. फोनवर आलेला आकडासुद्धा."

"मला विचारायचं होतं ना."

"मला वाटलं, तुमचीच आहे." त्याने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. "म्हटलं, ताईंचाच गळ असणार, फलकावर नाव लागेल, लोक हसतील, होऊन जाऊ दे एकदाचं. खातं रिकामं झालंय."

ती झटकन उठली, बँकेला फोन लावून दिला, पोलिसांकडे तक्रार कशी करायची ते सांगितलं. तो सगळं ऐकून घेत होता. जाताना म्हणाला, "घराचे होते हो ते. तुम्हाला माहीतच आहे म्हणा."

त्या काळात काकांची पत्रं येतच होती. ती तिच्या बनावट पत्त्यावर येत, रोज जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास, अंगणातल्या सामायिक संगणकावरून. पहिल्या दिवशी चार शब्द, मग एक ओळ, मग चार ओळी. जेवलो. काट्यावर आता दुसरा माणूस आहे, तो ट्रक पूर्ण थांबायच्या आत वजन घेतो. अंगणात ऊन फार. तुझी निळी छत्री घरीच राहिली होती, ती वापरतो, लोक हसतात, हसू देत. ती एकेक पत्र उघडी आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या घरात चप्पल घालून शिरल्यासारखं तिला होई. तरी उघडी.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या ध्यानात आलं ते आधीच यायला हवं होतं. बनावट पत्त्याला उत्तर देणं हेही फसणंच, असं नियमात होतं. अहवाल महिनाअखेर यंत्र आपोआप काढी. त्या पत्त्याच्या पेटीत ज्याची पत्रं सापडतील त्याचं नाव थेट वरच्या कार्यालयात जाई. अहवालात हात घालण्याची सोय तिलाही नव्हती. अहवालाला दोन दिवस होते.

ती अंगणात गेली. काका गठ्ठ्यांच्या सावलीत डबा उघडून बसले होते. त्यांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा पुढे सरकवून त्यावर तिला बसायची जागा दाखवली, आणि तो लहान पडेल हे कळून एक गठ्ठाच पुढे ओढला.

"काका, ती पत्रं लिहू नका."

"तुम्ही वाचता?"

"हो."

"हं." ते घास चावत राहिले. "वाचायला कोणी असेल असं मला वाटलं नव्हतं."

"ती मेल मी पाठवली होती, काका. तुमच्या मुलीने नाही. तो पत्ता तिचा नाही."

"ठाऊक आहे. त्या दिवशी दुपारीच कळलं. लाल अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं, मला वाचता येतं." त्यांनी विचारलं, "फोटो नव्हताच ना कुठे? का माझ्याकडून उघडला नाही?"

"नव्हता."

"मग ठीक." त्यांचा चेहरा खरोखरच मोकळा झाल्यासारखा दिसला, आणि ते तिला बघवलं नाही. "सारखं वाटत होतं, आपल्यालाच जमलं नाही की काय."

"परवा तुमचं नाव वर जाईल. नोकरी जाईल तुमची. खोट्या पत्त्यावर कशाला लिहिता?"

काकांनी डबा बंद केला. झाकणाची एक कडा नीट बसेना, ती ते अंगठ्याने दाबत राहिले.

"ताई, दोन वर्षं मी लिहितोय. जिथे पाठवावं तिथून परत. रात्री पाठवलं की सकाळी परत, पत्ता सापडत नाही. तुमच्याकडून परत येत नाही. लिहायला पत्ता तरी झाला." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "उत्तर नको आहे मला. तुम्ही तर देऊच नका. एकदा दिलंत तेवढं पुरे. फक्त परत नका पाठवू."

"आणि नोकरी?"

"तुमच्या नियमाचं मी काय करणार?" असं म्हणून ते उठले, आणि गठ्ठ्यांकडे गेले.

माफी मागायचं मनात ठरवून ती आली होती. परतताना तिच्या ध्यानात आलं, की तेवढंच सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी भोंग्याच्या आत पोचली, पण तिने खिडकी उघडली नाही आणि फडकंही घेतलं नाही. सरळ संगणक लावला. पत्ता बंद करणं सोपं होतं. नोकरी वाचली असती, आणि दुपारी काकांचं पत्र परत आलं असतं. पत्ता चालू ठेवला तर पत्र परत येणार नव्हतं, आणि उद्याच्या अहवालाने काका घरी बसणार होते. आणखी एक मार्ग होता. तो फारसा कोणी वापरत नसे, कारण त्याचा उपयोगच काय, असं कोणीही विचारलं असतं : पत्ता चालू राहील, आलेलं पत्र स्वीकारलं जाईल, पण ते कुठल्याही पेटीत पडणार नाही. कोणी वाचणार नाही, कोणी मोजणार नाही, पाठवणाऱ्याला काही कळणार नाही. पत्र नुसतं जाईल.

हीही फसवणूकच होती, हे तिला कळत होतं. तिने ती वेळ लावून, नीट केली.

आधी पेटीतली पत्रं तिने पुसली. शेवटचं कालच्या दुपारचं होतं, अजून उघडलेलं नव्हतं. ते तिने न वाचता पुसलं. कायमचं पुसायचं का, असं यंत्राने विचारलं. तिने हो म्हटलं. पेटी उघडण्याचा स्वतःचा अधिकार काढून टाकला. वरच्यांनी चौकशी केलीच, तर हा बदल कोणी केला त्या रकान्यात तिचं नाव दिसणार होतं. ते तिने तसंच ठेवलं. मग साहेबांना एका ओळीत कळवलं, की यापुढे मी माणसागणिक वेगळी पत्रं लिहिणार नाही, सगळ्यांना एकच जाईल. त्याचा अर्थ पुढच्या वर्षी काय होईल हे तिला माहीत होतं.

बदल केला की तो चालतो का हे तपासायचं असतं. तिने आपल्या नावाने एक कोरं पत्र उघडलं, तो पत्ता घातला आणि बराच वेळ बोटं की-बोर्डवर ठेवून बसली. मग लिहिलं. जे अंगणात सांगायचं राहिलं होतं तेच लिहिलं, काकांचं नाव घालून, सुरुवातीपासून, आणि पाठवून दिलं.

बाहेर भोंगा झाला. पावलं दारावरून गेली. ती स्क्रीनकडे बघत थांबली. पत्र परत आलं नाही.